बाळाचं दूध कोणत्या भांड्यात तापतं?

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महिला व बालकल्याण विभागाचे प्रमुख,
पुणे जिल्हा परिषद, पुणे
यांस



मावळातल्या अंगणवाड्यांत दर महिन्याला मुलांची वजनं होतात. मूल काट्यावर ठेवायचं, रडणं थांबेपर्यंत आकडा स्थिर व्हायची वाट पाहायची, मग तो मोबाइलवर भरायचा. पोषण ट्रॅकर त्या मुलाला साधारण, मध्यम कुपोषित किंवा तीव्र कुपोषित अशी एक श्रेणी देतो. ही व्यवस्था हवीच, आणि ती चालू राहावी यासाठी सेविका काय कष्ट घेतात हे आपण जाणता. माझी मागणी एवढीच आहे की या आकड्याशेजारी आणखी एक नोंद व्हावी : हे मूल काय पितं, काय खातं, कधीपासून, किती दाट, दिवसातून किती वेळा, कोणाच्या हातून आणि कोणत्या भांड्यातून. त्याला शी कशी होते, जुलाब लागले की घरात त्याचं खाणं चालू राहतं की बंद होतं. वजनाच्या आकड्यातून मूल मागे पडलंय एवढं कळतं. ते का मागे पडलं, हे त्याला भरवणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. असं विचारून काय हाती लागतं याचं फार मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडलेलं आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ हे नाव आजच्या तरुण डॉक्टरांना पुस्तकातच भेटतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मात्र महाराष्ट्रातल्या बालरुग्ण विभागांत हा आजार नेहमीचा होता. मूल वर्ष-दोन वर्षांचं, तोवर चांगलं वाढलेलं. मग त्याची भूक जायची, ते चिडचिडं व्हायचं, पोट फुगायचं. डॉक्टरांच्या बोटांना यकृताची कड टणक आणि धारदार लागायची. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची. या आजाराचं पहिलं वर्णन कोलकात्यातून 1887 साली झालं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं कारण हाती लागलं नाही. एका घरात दुसरं मूलही त्याच वाटेनं जायचं, म्हणून हा रक्तातून येणारा दोष असावा अशी समजूत बळावली. आजार दिसायचा तो जास्त करून खेड्यांतल्या मध्यम परिस्थितीच्या हिंदू घरांत. ही घरं अन्नाला महाग नव्हती. उलट ज्यांच्या दारात दुभतं जनावर होतं, ज्यांना बाळाला वरचं दूध पाजणं परवडत होतं, अशी ती होती. केवळ गरिबी मोजणाऱ्या यादीत यातलं एकही मूल आलं नसतं.

1978 आणि 1979 साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधांनी दाखवलं की या मुलांच्या यकृतात तांबं साठलेलं असतं. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला सुमारे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या मुलांच्या यकृतात ते त्याच्या कित्येक पट निघालं. हे तांबं आलं कुठून? प्रयोगशाळेला साठा मोजता आला, त्याची वाट दिसली नाही. ती दिसली पुण्यात, केईएम रुग्णालयात. डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना बाळाच्या दुधाबद्दल बारकाईनं विचारायला सुरुवात केली. वरचं दूध कितव्या महिन्यात सुरू केलं? कोणत्या भांड्यात तापवलं? तापवल्यावर त्यातच ठेवलं की दुसऱ्यात काढलं? 1983 साली त्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये मांडलं की तांब्यानं दूषित झालेलं जनावराचं दूध फार लवकर सुरू करणं हे या आजाराचं कारण असू शकतं. 1987 साली आजारी मुलांच्या आहाराचा इतिहास त्यांनी जोडीनं निवडलेल्या निरोगी मुलांच्या इतिहासाशी ताडून पाहिला. आजारी मुलांच्या घरी वरचं दूध लवकर आलं होतं, आणि ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवण्याची रीत अधिक होती.

त्या पातेल्याकडे जरा जवळून पाहायला हवं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्या आज्या-पणज्यांना पितळेत आंबट आणि दूध ‘कळकतं’ हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून कल्हई होती. कल्हईवाला भाता चालवून भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकताच पांढरा धूर उठायचा, कथिलाची कांडी आत फिरायची आणि कापसाच्या बोळ्यानं तो रस तळापासून काठापर्यंत पसरला की भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. हा कथिलाचा पातळ थर रोजच्या घासण्यानं झिजतो. आधी झिजतो तो तळाशी, जिथे पळी खरवडते आणि दूध लागतं. कल्हईवाल्याची फेरी लांबली, पैशांची ओढ असली, की उघड्या पितळेवर दूध उकळत राहायचं. दुधातलं केसिन हे प्रथिन तांबं ओढून घेतं आणि धरून ठेवतं. पाण्यापेक्षा दुधाची गोष्ट वेगळी होते ती इथे. आणि बाळाचं यकृत जन्मतःच आईकडून मिळालेला तांब्याचा साठा घेऊन येतं. अंगावरच्या दुधात तांबं कमी असतं, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत तो साठा हळूहळू उतरतो. नेमक्या त्याच महिन्यांत पितळी पातेल्यातलं दूध त्यात भर घालत होतं. हे सगळं घडत होतं बाळाला सकस दूध मिळावं या मायेपोटी, घरातल्या सर्वांत चांगल्या भांड्यात. कोणाही आईला स्वतःहून हे सांगायचं सुचलं नसतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसतं. सांगणं घडलं ते कोणीतरी नेमकं विचारलं म्हणून.

हा निष्कर्ष सर्वांनी मानलेला नाही, हेही इथे नोंदवतो. काही भारतीय विकृतिशास्त्रज्ञांनी शेवटपर्यंत म्हटलं की तांबं हा आजाराचा परिणाम असेल, मूळ नसेल. आणि पितळी भांडी तर लाखो घरांत होती, मग थोड्याच मुलांना का झालं? दुसरा आक्षेप असा की स्टीलची भांडी तशीही घराघरांत येतच होती, त्यामुळे आजार ओसरण्याचं श्रेय संशोधनाला कशाला द्यायचं. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. काही मुलांच्या शरीरातच तांबं बाहेर टाकण्याची क्षमता कमी असेल, आणि भांड्यानं त्या उणिवेवर बोट ठेवलं असेल. पण मग ऑस्ट्रियाच्या तिरोल भागाकडेही पाहायला हवं. तिथे 1900 ते 1974 या काळात 138 बालकांना जवळजवळ हाच आजार झाल्याचं 1996 साली प्रसिद्ध झालं. तिथेही गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापायचं, आणि भांडी बदलल्यावर आजार गेला. दोन दूरचे मुलूख, दोन वेगळे समाज, एकच भांडं. रक्तातला दोष असला तरी तो बदलणं कोणाच्या हाती नव्हतं. पातेलं बदलणं मात्र प्रत्येक घराच्या हाती होतं. श्रेयाबद्दल म्हणाल, तर स्टील स्वस्त आणि टिकाऊ म्हणून आलं हे खरं. पण एक मूल गमावलेल्या घराला पुढच्या बाळाच्या वेळी काय टाळायचं हे सांगता आलं, ते त्या प्रश्नांमुळे. हा सल्ला बाजार देत नाही.

मावळात आज हा आजार आहे असं मी म्हणत नाही. तांब्याची भांडी आरोग्यदायी म्हणून पुन्हा बाजारात आली आहेत, लोणावळ्याच्या दुकानांत तांब्याच्या बाटल्या मांडलेल्या असतात. मोठ्या माणसानं त्यातलं पाणी पिणं आणि तान्ह्याचं दूध त्यात तापवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अंगणवाडीच्या भिंतीवर एका ओळीत लिहायला हरकत नाही. माझा मुद्दा त्याहून रुंद आहे. पितळी पातेल्यासारख्या, मायेपोटी केलेल्या आणि डोळ्यांसमोर असून न दिसणाऱ्या गोष्टी आजही बाळाच्या पोटात जात असतात. त्या तालुक्यागणिक वेगळ्या असतात, एका तालुक्यातही खोऱ्यागणिक वेगळ्या असतात.

मावळ हा एक तालुका असला तरी बाळांच्या बाबतीत तो एकजिनसी नाही. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांत पावसाळ्याचे चार महिने पाणी गढूळ, रस्ते चिखलाचे, आणि भातलावणीला आई दिवसभर खाचरात. तळेगावच्या बाजूला हरितगृहांत फुलं तोडायला आणि कारखान्यांत पाळीनं जाणाऱ्या आया आहेत. त्यांचं बाळ आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे, आणि बरोबर बाटली. लोणावळा-खंडाळ्यात बंगले आणि हॉटेलं सांभाळणारी कुटुंबं भाड्याच्या खोलीत, जिथे बाळाच्या हातात सर्वांत सहज येतो तो बिस्किटाचा पुडा. कातकरी पाड्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. आता काट्यावर एकाच वजनाची तीन मुलं आली असं धरा. एकाला पावडरचं दूध दुप्पट पाणी घालून मिळतं, कारण डबा महिनाभर पुरवायचा आहे. दुसऱ्याला जुलाब लागले की ‘पोटाला आराम’ म्हणून दोन दिवस नुसतं साबुदाण्याचं पाणी मिळतं, आणि पावसाळ्यात असं चारदा होतं. तिसरं मूल दिवसभर दूध आणि बिस्किटं यांवरच आहे, त्याची शी खड्यासारखी आणि पोट तट्ट, म्हणून जेवणाची भूकच नाही. ट्रॅकरवर तिघांची श्रेणी एक, तिघांना मिळणारं पाकीट एक, सल्लाही एक. त्यातल्या दोघांना तरी तो लागू पडत नाही.

यावर आपल्या कार्यालयात म्हटलं जाईल की कुपोषणाचं मूळ गरिबी आणि घाण पाणी आहे, प्रश्न विचारून पोट भरत नाही. गरिबी आहेच, आणि शुद्ध पाणी हा हक्क आहे. त्याला पर्याय म्हणून मी हे सुचवत नाही. पण पुरावा काय सांगतो तेही पाहू. बांगलादेश आणि केनियात ‘वॉश बेनिफिट्स’ या नावानं मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2018 साली आले. काही गावांत पाणी, संडास आणि हात धुण्याची सोय केली, काहींत बाळाच्या आहाराबद्दल सल्ला आणि पूरक अन्न दिलं, काहींत दोन्ही. मुलांच्या उंचीत फरक पडला तो आहाराचं काम झालं तिथे, थोडाच पण निश्चित; नुसत्या पाणी-संडासानं उंचीत फरक पडला नाही, आणि दोन्ही एकत्र केल्यानंही आहाराच्या पलीकडे भर पडली नाही. आपल्या राज्याचे आकडेही हेच सुचवतात. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 25.6 टक्के मुलं उंचीच्या मानानं रोड निघाली; देशाचं प्रमाण 19.3 टक्के होतं. देशातल्या अनेक राज्यांहून श्रीमंत असलेल्या राज्यात ही स्थिती असेल, तर तिचं उत्तर एकट्या उत्पन्नात सापडणार नाही.

मावळच्या घरातलं अन्नही काही कमी प्रतीचं नाही. वडगावच्या भात संशोधन केंद्रानं दिलेला इंद्रायणी तांदूळ शिजला की मऊ आणि चिकट होतो, बाळाच्या जिभेला तो फार सोसतो. सहा महिन्यांनंतर त्याचा गुरगुट्या भात वरण, तेल-तुपाची धार आणि पुढे अंडं घालून दिला, तर त्यासारखं अन्न नाही. पण बहुतेकदा बाळाला मिळते ती वरची पेज. चमचा तिरका केला की ओघळते ती पेज पोट भरवते, बाळ झोपतं, आणि भरवणाऱ्याला वाटतं जेवण झालं. चमच्यावर टिकेल इतकं दाट अन्न, ही एवढीशी गोष्ट वाढीला हातभार लावते. ती वजनकाट्यावर दिसत नाही, स्वयंपाकघरात दिसते. गुटीचंही तसंच. मुरडशिंग, वेखंड, हळकुंड, जायफळ सहाणेवर उगाळताना किती वळसे, कोणत्या पाण्यात, सहाण कशानं पुसली, यावर ते चाटण निर्धोक की जुलाबाचं निमित्त हे ठरतं. पहिल्या सहा महिन्यांत ती नकोच, हे आपण सांगतो. पण ती चालू आहे की नाही हे न रागावता विचारलं, तरच सांगण्याला अर्थ येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हे प्रश्न आधीच विचारले जातात. 2018 पासून आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातात, त्यात आहाराची चौकशी असते; माता-बाल संरक्षण कार्डावर चित्रंही आहेत. हे खरं आहे, आणि म्हणूनच माझी मागणी महागडी नाही. उणीव आहे ती उत्तरांच्या पुढच्या प्रवासात. ‘वरचं अन्न सुरू केलं का? होय’ या खुणेतून पेज की भात हे कळत नाही. आशाताईची नोंद एका विभागाकडे, वजन दुसऱ्या विभागाकडे. दोन्ही एका मुलाच्या नावावर शेजारी ठेवून कोणी वाचायला हवं. पत्र दोन्ही विभागांच्या नावे लिहिण्याचं कारण हेच. सेविकांवर आधीच नोंदींचा बोजा आहे, हे मी नाकारत नाही. एक पान वाढवायचं तर दोन पानं कमी करा, आणि कोणती कमी करायची हे त्यांनाच विचारा. गावातल्या कमी शिकलेल्या बायका अशा नोंदी नीट ठेवू शकतील का, ही शंका तर गडचिरोलीत कधीच फिटली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यदूतांच्या कामातून तिथला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25.5 वर आला, आणि तो निबंध 1999 साली ‘द लॅन्सेट’नं छापला.

पान कसं असावं याचाही नमुना जगात आहे. जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही कावीळ राहिली आणि बाळाची शी पांढुरकी, शाडूच्या मातीसारखी होऊ लागली, तर पित्ताची वाट बंद असण्याची शक्यता असते. त्यावरची कासाई शस्त्रक्रिया साधारण 60 दिवसांच्या आत झाली तर यशाची आशा अधिक. तैवाननं 2004 साली प्रत्येक नवजात बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचं एक कार्ड घातलं; आईनं लंगोटातला रंग कार्डाशी जुळवायचा, एवढंच. त्यानंतर वेळेत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. छापलेले काही रंगाचे चौकोन आणि एक प्रश्न, एवढ्यावर हे झालं. मावळात कोणतंही नवं यंत्र न आणता हे करता येईल. त्याच पानावर चौदा दिवसांहून लांबलेले जुलाब, शीतून पडणारं रक्त, हिरवी उलटी आणि घास गिळताना दर वेळी लागणारा ठसका या खुणा असाव्यात, म्हणजे असं मूल पुढच्या वजनाची वाट न पाहता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पोचेल.

आयांना हे प्रश्न झडतीसारखे वाटतील, त्या बरं दिसेल असंच उत्तर देतील, अशीही भीती असते. यावर पुण्याच्या संशोधनातच उपाय आहे. त्यांनी ‘बाळाची काळजी नीट घेता का’ असं विचारलं नाही, भांड्याबद्दल विचारलं. भांड्याबद्दल खोटं बोलायचं कारण कोणाला नसतं. ‘काल सकाळपासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं’, ‘दूध तापवता ते पातेलं दाखवता का’, ‘भरवता तो चमचा बघू’ अशा प्रश्नांना आई मोकळी होते, कारण त्यात तिची परीक्षा नसते. आणि भरवणारी आजी असेल तर प्रश्न आजीलाच विचारायला हवा.

संशोधनाची सोय या जिल्ह्यात नाही असंही नाही. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला केईएमचं ग्रामीण आरोग्य केंद्र डॉ. बानू कोयाजींच्या काळापासून चालत आलं आहे. रोटाव्हायरसच्या भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे झाली, त्यातलं पुण्याचं काम तिथलं. तळेगावात वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण वढू हा पूर्वेकडचा सपाट मुलूख. मावळचा पाऊस, पीक आणि बायकांचं काम वेगळं, म्हणून तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आंदर मावळातलं अंगणवाड्यांचं एक बीट आणि लोणावळा नगरपरिषदेतल्या काही अंगणवाड्या निवडाव्यात, एक वर्षभर हे पान भरावं, आणि मागे पडलेल्या प्रत्येक मुलासाठी त्याच वस्तीतलं त्याच वयाचं चांगलं वाढणारं मूल जोडीला घेऊन दोघांची पानं शेजारी ठेवून वाचावीत. 1987 साली पुण्यात केलं ते हेच. वाचणाऱ्यांत महाविद्यालयाचे बालरोगतज्ज्ञ असावेत आणि पान भरणाऱ्या सेविका व आशाताईही असाव्यात, कारण ‘या वस्तीत सगळेच असं करतात’ हे त्यांनाच ठाऊक असतं.

वीटभट्ट्यांची वेळ मात्र पाळावी लागेल. दिवाळी झाली की पाडे रिकामे होऊ लागतात, आणि मूल वजनाच्या यादीतून पाच-सहा महिने नाहीसं होतं. पान त्याआधी छापून हाती आलं, आणि त्याची एक प्रत आईजवळच राहील अशी सोय केली, तर भट्टी ज्या तालुक्यात असेल तिथल्या सेविकेला ते मूल काय खातं, कशानं आजारी पडतं हे पहिल्याच भेटीत वाचता येईल.

आपला,
मावळातला एक नागरिक